चिखल्या आणि पायाची बुरशी अंगावर काढली तर काय होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून उजाडला की दवाखान्यात येणाऱ्यांच्या पायांकडे बघूनच पाऊस किती झालाय ते कळतं. बोटांच्या बेचक्यात पांढरी पडलेली कातडी, मधोमध चीर, वर हळद नाहीतर कुठलंतरी मलम. बहुतेकजण येतात वेगळ्याच कारणासाठी, आणि उठता उठता विचारतात, "पायाला जरा चिखल्या झाल्यात, त्याला काही देता का?" खालचे प्रश्न अशाच वेळी विचारले जाणारे आहेत. सगळ्यांना सारखं महत्त्व नाही. घाईत असाल तर सेल्युलायटिस (कातडीखाली पसरणारा जिवाणूंचा संसर्ग), मधुमेह आणि मेडिकलमधली ट्यूब एवढे तीन विषय तरी वाचा.

चिखल्या म्हणजे बुरशीच का?

बरेचदा हो, पण एकटी बुरशी नाही. पाय तासन् तास ओला राहिला की बोटांमधली कातडी फुगून मऊ पडते. मऊ कातडीत बुरशी शिरते. ट्रायकोफायटन रुब्रम आणि तिच्या जातभाई बुरशींचं अन्न म्हणजे केराटिन, म्हणजे आपल्या कातडीचा, नखांचा, केसांचा वरचा निर्जीव थर. तो कुरतडला गेला की चीर पडते आणि मग जिवाणूंचीही वर्दळ सुरू होते. म्हणूनच कोरडी, खाजरी बुरशी जुनी झाली की एखाद्या पावसाळ्यात एकदम ओली, वास मारणारी, ठणकणारी होते. हिरवट झाक दिसली तर स्यूडोमोनास नावाचा जिवाणू आला असं समजावं.

सगळ्यात जास्त त्रास करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या बेचक्यात होतो. तिथे हवा सर्वांत कमी लागते.

माझ्या बोटांत काहीच नाही, फक्त तळपायाची साल निघते. तीही बुरशी असू शकते?

असू शकते, आणि हाच प्रकार वर्षानुवर्षं अंगावर काढला जातो. तळपाय आणि टाचांच्या कडेला कोरडी, पिठासारखी साल निघते, कातडी जाड होते, खाज अगदी थोडी किंवा नाहीच. लोक त्याला भेगा समजून व्हॅसलीन लावत राहतात. दोन्ही तळपाय आणि एकच तळहात असा कोरडा झाला असेल तर बुरशीची शंका बळावते. दोन पाय आणि एक हात ही तिची जुनी सवय आहे. दुसरा हात का सुटतो याचं समाधानकारक उत्तर नाही.

पाऊस थांबला की आपोआप बरं होतं. मग औषध कशाला?

दिवाळीपर्यंत कातडी कोरडी होते, चीर बुजते, खाज थांबते. बुरशी मात्र सालीत, नखात आणि बुटाच्या आत तग धरून राहते. पुढच्या जूनला ती नव्याने होत नाही, जुनीच वर येते. ज्यांना "दरवर्षी होतं" त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना ते दरवर्षी होत नसतं, गेलेलंच नसतं.

तरुण, धडधाकट माणसाने एखादा पावसाळा दुर्लक्ष केलं तर आकाश कोसळत नाही, हेही सांगायला हवं. धोका कोणाला जास्त आहे हे कळणं महत्त्वाचं.

नुसती खाज आहे. त्यातून एवढं काय बिघडणार?

बुरशीपेक्षा तिने उघडी ठेवलेली चीर घातक. निरोगी माणसात ही बुरशी केराटिन सोडून आत जात नाही. पण त्या चिरेतून स्ट्रेप्टोकॉकस आणि स्टॅफिलोकॉकस हे जिवाणू आत जातात, आणि त्यांना असली मर्यादा नसते. ते कातडीखालच्या थरात पसरले की पाय लाल, गरम, टणक होतो. यालाच सेल्युलायटिस म्हणतात. वरवरचा, ठळक कडा असलेला प्रकार जुनी माणसं धावरं म्हणून ओळखायची.

पायाच्या सेल्युलायटिसच्या रुग्णांवर देशोदेशी झालेल्या अभ्यासांत बोटांच्या बेचक्यातली चीर हे एक महत्त्वाचं कारण म्हणून पुन्हा पुन्हा पुढे आलं आहे. गंमत अशी, की रुग्ण सुजलेली पोटरी दाखवतो, घोटा दाखवतो, डास चावला होता का ते आठवत बसतो. बोटं फाकवून बघितली की जिवाणू कुठून आत गेले ते दिसतं. घरच्यांनीही ही सवय लावून घ्यावी: पाय सुजला की आधी बोटांमध्ये बघायचं, टॉर्च लावून.

सेल्युलायटिस झालाय हे घरी कसं ओळखायचं?

साध्या चिखल्यांत त्रास बोटांपुरता राहतो. लाली पावलावर किंवा घोट्याकडे चढू लागली, हात लावल्यावर तो भाग दुसऱ्या पायापेक्षा गरम लागला, दाबल्यावर दुखलं, तर तो सेल्युलायटिस समजून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. पुष्कळदा थंडी वाजून ताप आधी येतो आणि पाय नंतर लाल होतो. त्यामुळे सुरुवातीला मलेरियाच वाटतो. जांघेत अवधाण, म्हणजे दुखरी गाठ, येणं ही दुसरी खूण. पायावरून वर जाणारी लाल रेघ दिसली तर संसर्ग लसीकावाहिन्यांतून (पायातलं जादा पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांतून) वर सरकतोय.

लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ ओढून वेळ लिहून ठेवा. लाली रेघ ओलांडून किती पुढे गेली हे डॉक्टरला त्यावरून चटकन कळतं, आणि "कालच्यापेक्षा वाढलंय की तेवढंच आहे" हा घरातला वादही मिटतो.

थेट मोठ्या रुग्णालयात न्यायची लक्षणं वेगळी आहेत: दिसतंय त्यापेक्षा कितीतरी जास्त असह्य वेदना, कातडी जांभळी-काळी पडणं, काळपट पाण्याचे फोड, माणूस बरळू लागणं, लघवी कमी होणं. कातडीखालचे थर सडवणारा संसर्ग काही तासांत पसरतो. तिथे सकाळची वाट बघायची नसते.

एकदा पाय सुजून बरा झाला. पुन्हा त्याच पायाला का होतं?

कारण पहिल्या झटक्यात लसीकावाहिन्या दुखावतात. या वाहिन्या पायातलं जादा पाणी आणि त्यातले जंतू वाहून नेतात. त्या दुखावल्या की पाणी साठतं, सूज पूर्ण उतरत नाही, आणि साठलेल्या पाण्यात पुढचा संसर्ग सहज होतो. प्रत्येक झटका पुढच्याची तयारी करून जातो. काही वर्षांनी पाय कायमचा जाड होतो आणि चप्पल मापाची मिळत नाही. या चक्रात आपल्या हातात असलेला सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे बोटांतली बुरशी घालवणं. अँटिबायोटिकचा कोर्स झाला, सूज उतरली, आणि बुरशीचं मलम कुणी लिहिलंच नाही, असं फार वेळा होतं. घरी सोडताना ते विचारून घ्या.

बायपास झालेल्यांनी विशेष लक्ष द्यावं. शस्त्रक्रियेसाठी ज्या पायातली शीर काढली जाते, त्याच पायाला नंतर वारंवार सेल्युलायटिस होणं आणि त्या पायाच्या बोटांत बुरशी सापडणं, हे १९८०च्या दशकापासून वैद्यकीय साहित्यात नोंदलेलं आहे. हृदयाची काळजी घेताना पायाच्या बोटांकडे कोण बघणार? पण बघायला हवं.

हत्तीपाय असलेल्या माणसाला चिखल्या झाल्या तर?

नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण तिथे हत्तीरोग जुना आहे आणि भातशेतीही आहे. हत्तीपायाच्या रुग्णाला मधून मधून ताप येऊन पाय लाल होतो, ठणकतो. अनेकांना वाटतं की हत्तीरोगाचे जंतू पुन्हा उठले. बहुतेक वेळा तसं नसतं. बोटांमधल्या चिरेतून शिरलेले जिवाणू हे त्याचं कारण असतं. प्रत्येक तापागणिक पाय आणखी जाड होतो.

म्हणून अशा रुग्णासाठी रोज साबण-पाण्याने पाय धुणं, बोटाबोटांतून मऊ कापडाने टिपून कोरडं करणं, चिरेला बुरशीविरोधी मलम लावणं आणि बसताना पाय वर ठेवणं हाच उपचार आहे. आधीची सूज त्याने फारशी उतरणार नाही, पण तापाचे झटके कमी होतात, आणि झटके कमी झाले की वाढ थांबते. आरोग्य विभागाकडून हत्तीपायाच्या रुग्णांना पायाच्या स्वच्छतेचं साहित्यही दिलं जातं. आशाताईंना विचारा.

मला शुगर आहे. वेगळी काय काळजी?

वरचं सगळं तुम्हाला लागू, आणि त्यात तीन गोष्टींची भर.

पहिली, पाय बधिर होतो. चीर पडली, चिघळली, तरी दुखत नाही. दुखत नाही म्हणून बघितलं जात नाही. मधुमेहात "दुखत नाहीये" हे वाक्य ऐकलं की डॉक्टरला उलट काळजी वाटते. दुसरी, रक्तपुरवठा कमी झालेला असतो, त्यामुळे जखम भरत नाही आणि गोळी-इंजेक्शनमधलं औषधही जखमेपर्यंत पुरेसं पोचत नाही. तिसरी, वाढलेल्या साखरेत पांढऱ्या पेशींचं काम मंदावतं.

या तिन्ही एकत्र आल्या की बोटातली साधी चीर जखम होते, जखम खोल जाते, हाडापर्यंत पोचते. हाडात संसर्ग गेला की आठवडेच्या आठवडे औषधं, कधी बोट काढावं लागतं, कधी पाऊल. मधुमेहात पाय कापावा लागण्याच्या बऱ्याच कहाण्यांची सुरुवात अशाच किरकोळ जखमेने झालेली असते: चप्पल चावली, नख काढताना लागलं, चिखल्या चिघळल्या.

रोज रात्री पाय तपासा. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून बघा, किंवा नातवंडाला बघायला सांगा. पाणी किती गरम आहे ते पायाने नव्हे, हाताच्या कोपराने तपासा. शेकायला गरम पाण्याची पिशवी नको. बधिर पाय भाजलेला कळत नाही. पायातलं कुरूप ब्लेडने स्वतः कापू नका. तळपायाला तेल-क्रीम लावा, पण बोटांच्या बेचक्यात नको, तिथे ओल साठते. आणि बोटांत बुरशी दिसली तर "बघू पुढच्या तपासणीला" असं म्हणू नका. शुगरच्या माणसाला चिखल्यांसाठी दवाखान्यात यायला संकोच वाटायचं काहीच कारण नाही.

गुडघाभर पाण्यातून घरी आलो. पायाला चिखल्या आहेत. लेप्टोची भीती किती?

खरी आहे. लेप्टोस्पायरोसिसचे जिवाणू उंदरांच्या, गुराढोरांच्या लघवीतून पाण्यात येतात आणि फाटलेल्या किंवा भिजून मऊ पडलेल्या कातडीतून शरीरात शिरतात. २६ जुलै २००५च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची मोठी साथ आली होती. सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि गोव्यात भातशेतीच्या हंगामात हा आजार दिसतोच.

घरी आल्यावर साबणाने पाय धुवा, कोरडे करा, आणि चीर असेल तर शक्यतो २४ तासांत, फार तर ७२ तासांत डॉक्टरला भेटा. प्रतिबंधासाठी डॉक्सिसायक्लिन दिली जाते. गर्भवती बायका आणि लहान मुलांसाठी वेगळं औषध असतं, त्यामुळे शेजाऱ्याची गोळी घेऊ नका. पुढचे दोन-तीन आठवडे ताप, डोकेदुखी, पोटऱ्या दाबल्यावर दुखणं, डोळे लाल होणं यांकडे लक्ष ठेवा आणि ताप आला तर "पाण्यातून चाललो होतो" हे डॉक्टरला स्वतःहून सांगा. तो नेहमी विचारेलच असं नाही.

बुरशी रक्तात जाते का?

ही बुरशी नाही जात. अवयव बदललेले, केमोथेरपी चालू असलेले किंवा दीर्घकाळ स्टेरॉइडच्या गोळ्या घेणारे रुग्ण सोडले तर ती कातडीच्या वरच्या थरातच राहते. जिवावर बेततं ते मागाहून शिरलेल्या जिवाणूंमुळे.

पायाचं नख पिवळं, जाड झालंय. दुखत नाही. सोडून देऊ?

तरुण असाल, शुगर नसेल, कातडीला काही नसेल तर घाई नाही. पण नख हा बुरशीचा साठा असतो. कातडी मलमाने बरी होते, नखातून पुन्हा पसरते, आणि माणूस मलमाला नावं ठेवतो. शिवाय जाड नख बुटात दाबलं जाऊन खाली जखम होते, जी मधुमेहात महागात पडते.

उपचाराआधी तपासणी करा, कारण जाड-पिवळ्या नखांपैकी साधारण निम्मीच बुरशीची असतात. बाकी सोरायसिस, जुना मार, घट्ट बूट. बुरशी असली तर पायाच्या नखाला टर्बिनाफिनच्या गोळ्या साधारण १२ आठवडे लागतात. गोळ्या संपल्या तरी नख लगेच सुंदर दिसत नाही. अंगठ्याचं नख मुळापासून नवं यायला वर्ष ते दीड वर्ष लागतं. महिनाभरात "फरक नाही" म्हणून औषध सोडणारे इथेच फसतात.

जांघेतही खाज सुटलीय. याचा पायाशी संबंध आहे?

पुष्कळदा तीच बुरशी असते. चड्डी घालताना पाय तिच्यातून जातो आणि बोटांतली बुरशी जांघेत पोचते. म्हणून पायाला बुरशी असेपर्यंत आधी मोजे, मग चड्डी. दिसायला विचित्र, पण आरशात फक्त तुम्हीच दिसणार आहात. आंघोळीनंतर पायाचा पंचा आणि अंगाचा पंचा वेगळा ठेवा. जांघेला मलम लावून पाय तसेच सोडले तर नायटा परत येणार.

पायाला बुरशी, आणि हाताच्या बोटांच्या कडेला बारीक पाण्याचे फोड. पसरली का?

कदाचित नाही. पायातल्या बुरशीविरुद्ध शरीर जोरात प्रतिक्रिया देतं, त्यात हातांना असे खाजरे फोड येतात. त्या फोडांत बुरशी सापडत नाही. पाय बरा झाला की हात बरे होतात.

मेडिकलवाल्याने दिलेल्या ट्यूबने दोन दिवसांत खाज गेली. मग तीच का नको?

कारण दोन दिवसांत खाज गेली म्हणजे बहुधा तिच्यात स्टेरॉइड होतं. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन असं काही तिच्या मागे लिहिलंय का बघा. बुरशीविरोधी औषध, अँटिबायोटिक आणि कडक स्टेरॉइड अशी खिचडी असलेली मलमं आपल्याकडे वर्षानुवर्षं धडाक्यात विकली गेली. स्टेरॉइड खाज आणि लाली दाबतं, म्हणजे बुरशीशी लढणारी शरीराची प्रतिक्रियाच दाबतं. वरून शांत, आतून बुरशी मोकाट. ट्यूब थांबवली की दुप्पट. मग पुन्हा ट्यूब. काही महिन्यांत कातडी पातळ होते, जांघेत कायमचे चिरांसारखे पट्टे उमटतात आणि नायट्याचं रूप इतकं बदलतं की त्वचारोगतज्ज्ञालाही ओळखायला वेळ लागतो.

२०१८मध्ये केंद्र सरकारने स्टेरॉइडची अनेक मलमं शेड्यूल एचमध्ये आणली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. कागदावर. प्रत्यक्षात "खाजेची ट्यूब द्या" म्हटल्यावर काय हातात पडतं ते तुम्हाला माहीत आहे.

याच काळात भारतात टर्बिनाफिनला दाद न देणारी बुरशी पसरली. तिला २०२०मध्ये ट्रायकोफायटन इंडोटिनी असं स्वतंत्र नाव मिळालं, आणि आज ती परदेशांतही सापडते. ती मुख्यतः जांघ, कंबर, पोट इथे दिसते. पायाला अजूनही रुब्रम जास्त. तरीही माझं स्पष्ट मत आहे की पायाची बुरशी अजिबात उपचार न केल्याने जेवढी बिघडते, तेवढीच चुकीच्या ट्यूबने बिघडते. दुकानातून घ्यायचीच असेल तर फक्त एकच औषध असलेली घ्या: क्लोट्रिमॅझोल, टर्बिनाफिन किंवा ल्युलिकोनॅझोल. आणि नाव सांगून घ्या, तक्रार सांगून नको.

मेंदी, हळद, खोबरेल तेल चालतं का?

लावणीच्या दिवसांत पायांना मेंदी लावायची पद्धत अनेक गावांत आहे. ती अगदीच निराधार नाही. मेंदीतल्या रंगद्रव्याचा बुरशीवर थोडा परिणाम प्रयोगशाळेत दिसलेला आहे, आणि सुकलेली मेंदी कातडी कोरडी ठेवते. चीर पडण्याआधी लावायला हरकत नाही. पानं वाटून केलेली मेंदी मात्र हवी. पाकिटातल्या काळ्या मेंदीतली रसायनं उघड्या कातडीला भाजतात. शेतात जाण्याआधी खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन चोळलं तर पाणी कातडीत कमी मुरतं.

उघड्या, लस गळणाऱ्या चिरेवर मात्र यातलं काहीच नको. रॉकेल, चुना, टूथपेस्ट, विडीची राख तर कधीच नाही. व्हिनेगर, लिंबू, लसूण यांनी कातडी पोळून आलेले पाय बरे करायला मूळ चिखल्यांपेक्षा जास्त दिवस लागतात.

मग नीट उपचार कसा करायचा?

लस येत असेल तर आधी ती सुकवायची. पोटॅशियम परमँगनेटचे एक-दोन कण तांब्याभर पाण्यात नाही, अर्ध्याहून जास्त भरलेल्या बादलीत पूर्ण विरघळवा. रंग फिकट गुलाबी हवा, जांभळा नको. त्यात दहा मिनिटं पाय बुडवा. न विरघळलेला कण कातडी जाळतो. दोन-तीन दिवसांत ओल कमी झाली की मलम सुरू.

मलम दिसणाऱ्या डागावरच नाही, त्याच्या बाहेर दोन बोटं रुंदीपर्यंत, सगळ्या बेचक्यांत आणि तळपायालाही लावा. टर्बिनाफिन किंवा ल्युलिकोनॅझोल सहसा दोन आठवडे, क्लोट्रिमॅझोल चार आठवडे. खाज पाच-सहा दिवसांत थांबते आणि तिथेच नव्वद टक्के लोक ट्यूब ठेवून देतात, असं म्हणायचा मोह होतो. आकडा मोजलेला नाही, पण कपाटातल्या अर्ध्या ट्यूबा साक्षीला आहेत. बरं दिसू लागल्यावरही ठरलेले दिवस पूर्ण करा. दोन-चार आठवड्यांत फरक नाही, तळपाय जाड झालाय, किंवा नखं लागली आहेत, तर गोळ्या लागतील.

बुरशीच्या गोळ्यांनी लिव्हर खराब होतं म्हणतात.

क्वचित. टर्बिनाफिनने काहींच्या तोंडाची चव जाते आणि विरळा कुणाच्या यकृताला सूज येते. आधीपासून यकृताचा आजार असेल, दारू जास्त असेल, तर रक्त तपासून मगच. इट्राकोनॅझोल या बुरशीच्या दुसऱ्या औषधाबद्दल दोन गोष्टी डॉक्टरला जरूर सांगा: हृदय कमजोर असल्याचं कुणी सांगितलंय का, आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या चालू आहेत का. दोन्हींत अडचण येऊ शकते. ॲसिडिटीच्या गोळीबरोबर ती कॅप्सूल घेतली तर शोषली जात नाही. गर्भारपणात गोळ्या टाळायच्या; मलमं बहुतेक चालतात, पण विचारून.

दिवसभर लावणीत पाय पाण्यातच असतात. कोरडे ठेवा म्हणणं सोपं आहे.

बरोबर आहे. गमबूट घालून चिखलात लावणी होत नाही, पाऊल बुटातून बाहेर येतं आणि बूट तिथेच राहतो. त्यामुळे शेतातल्या आठ तासांचं फारसं काही करता येत नाही. रात्रीच्या तासांचं करता येतं. घरी आल्यावर स्वच्छ पाण्याने साबण लावून पाय धुवा, बोटं एकेक करून टिपा, चुलीसमोर, पण अंतर ठेवून धरून सुकवा, मलम लावा आणि रात्रभर पाय उघडे ठेवा. दुपारच्या भाकरीच्या वेळी पाय बांधावर कोरडे करता आले तर तेही मोठंच.

बूट घालून ड्युटी करणाऱ्यांचं उलट. पोलीस, सुरक्षारक्षक, सफाई कामगार, कारखान्यातली माणसं यांचा पाय पावसाने नाही, घामाने भिजतो. सुती मोज्यांचे दोन जोड जवळ ठेवा, दुपारी बदला. बूट दोन जोड असतील तर आळीपाळीने घाला. एका दिवसात बूट आतून सुकत नाही. मोजे गरम पाण्यात धुवा. पावडर फक्त कोरड्या पायाला. ओल्यावर टाकली की गोळे होतात आणि घासतात.

वारीला जायचंय. पायाला आधीच बुरशी आहे.

देहू-आळंदीहून पंढरपूर म्हणजे अडीचशे किलोमीटरच्या आसपास, तेही ऐन पावसात. निघायच्या महिनाभर आधी उपचार सुरू करा म्हणजे चीर बुजलेली असेल. मुक्कामाला पोचलं की आधी पाय धुऊन कोरडे करायचे, मग बाकीचं. शुगर असेल तर अनवाणी चालायचा नेम या वर्षी मोडा. माउली रागावणार नाही. वाटेत वैद्यकीय पथकं असतात, पायाला फोड आला तर त्याच दिवशी दाखवा, "पंढरपुरात बघू" नको.

घरात एकाला असलं तर बाकीच्यांना होतं का?

होऊ शकतं. झडलेल्या सालीत बुरशी कित्येक महिने जिवंत राहते. न्हाणीघराची ओली फरशी, सामायिक पायपुसणं, एकमेकांच्या चपला आणि घरातलं एकुलतं एक नेलकटर, हे तिचे रस्ते. ज्याला आहे त्याचं नेलकटर वेगळं करा. घरात दोघा-तिघांना असेल तर सगळ्यांचा उपचार एकाच वेळी.

लहान मुलांना मात्र पायाची बुरशी कमी होते. शाळेच्या बुटांमुळे अंगठ्याखालची कातडी लाल, चकचकीत, भेगाळलेली दिसली तर ते बहुधा घामाने झालेलं त्वचादाह असतं, त्याला बुरशीचं मलम उपयोगी नाही.

हे बुरशी नसून दुसरंच काही असेल तर?

रबरी चपलेच्या पट्ट्याखालीच खाज असेल तर रबराची ॲलर्जी. तळव्याला बारीक खड्डे आणि असह्य वास असेल तर तो जिवाणूंचा प्रकार आहे, अँटिबायोटिक मलमाने लवकर जातो. तळवे, कोपर, डोकं तिन्हीकडे खवले असतील तर सोरायसिस. आणि पायावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल, खाजत नसेल, तिथे टोचलेलं कळत नसेल, तर बुरशीचं मलम बाजूला ठेवून कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. सरकारी आरोग्य केंद्रात तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहे, आणि वेळेवर घेतलं तर तो पूर्ण बरा होतो.

तपासणी कोणती, आणि कुठे?

कातडीची किंवा नखाची किंचित खरवड घेऊन पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. सुई नाही, रक्त नाही, कातडीची असेल तर निकाल बहुधा त्याच दिवशी. तपासणीला जाण्याआधी काही दिवस मलम लावू नका, नाहीतर असलेली बुरशीही दिसत नाही. वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचा विभागात आणि बहुतेक जिल्हा रुग्णालयांत ही सोय असते. जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूबा, रिकाम्यासुद्धा, पिशवीत घालून न्या. आणि नेलपॉलिश काढून जा.